विजयालक्ष्मीची शिक्षा आणि ताराबाईंचा सवाल

सन १८८१ च्या उन्हाळ्यात सुरतेच्या सत्र न्यायालयाने एका चोवीस वर्षांच्या ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा सुनावली. तिचे नाव विजयालक्ष्मी. वैधव्यात राहिलेला गर्भ, लपूनछपून झालेले बाळंतपण आणि लोकापवादाच्या भयाने जन्मतःच मारलेले मूल, एवढाच त्या खटल्याचा तपशील. आरोपीच्या पिंजऱ्यात ती एकटी उभी होती. मुलाच्या जन्माला जो पुरुष तितकाच कारण होता, त्याला न्यायासनापुढे येण्याचा प्रसंग आला नाही. कायद्याला त्याच्याशी कर्तव्यच नव्हते.

सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे, त्यामुळे प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. तेथे फाशी रद्द होऊन जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा कायम झाली, आणि पुढे सरकारने तीही कमी करून पाच वर्षांवर आणली. परंतु मधल्या काळात इलाख्यातील वृत्तपत्रांना चर्चेचा एक विषय मिळाला होता. इंग्रजी पत्रांतून हिंदू विधवांच्या स्थितीवर लेख येऊ लागले. त्याच वर्षीच्या जानेवारीत केसरी सुरू झालेला; पुण्यात सुधारक आणि सनातनी यांची जुगलबंदी ऐन भरात होती. पुणेवैभव या सनातनी वळणाच्या पत्राने विजयालक्ष्मीच्या निमित्ताने एकंदर स्त्रीजातीच्याच चारित्र्यावर कोरडे ओढले. नव्या शिक्षणाने आणि नव्या वाऱ्याने बायका बिघडत चालल्या, असा त्या लिखाणाचा रोख होता. असे लेख त्या काळी काही विरळा नव्हते. छापले जात, वाचले जात, विसरले जात. हा लेख मात्र वऱ्हाडातल्या बुलढाण्याला एका घरात वाचला गेला आणि त्यातून मराठीतील एक धगधगते पुस्तक जन्माला आले.

त्या घरातील वाचक म्हणजे ताराबाई शिंदे. त्यांचा जन्म १८५० चा, म्हणजे विजयालक्ष्मीच्या खटल्याच्या वेळी त्या तिशीच्या होत्या. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला; कापसाचा मुलूख, भाषा मराठी आणि सत्ता हैदराबादच्या रेसिडेंटची, अशी त्याची चमत्कारिक अवस्था होती. आज बुलढाण्याहून नोकरीच्या निमित्ताने पिंपरी-चिंचवडला, चाकणला येऊन स्थिरावलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांना त्या गावाचे पुण्यापासूनचे अंतर ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकात ते अंतर कितीतरी अधिक होते. मुंबईहून नागपूरला जाणारी रेल्वे १८६७ मध्ये पूर्ण झाली आणि वऱ्हाडातून गेली. तरी पुण्यामुंबईच्या सभा, व्याख्याने, शाळा या साऱ्यांपासून बुलढाणा दूरच होता.

त्या भागात मुलींची शाळा नव्हती. बापूजींनी मुलीला घरीच शिकवले. मराठी तर आलेच, पण संस्कृत आणि इंग्रजीही शिकवले. चार भावांत ही एकुलती एक बहीण. बापूजी स्वतः लिहिणारे गृहस्थ. सुशिक्षित एतद्देशीयांना चार गोष्टी सुनावणारे त्यांचे एक पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. दोन वर्षांनी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली, तेव्हा बापूजी त्या विचाराच्या माणसांत सामील झाले. तरीही घर कुळवंत मराठ्यांचे. त्या घरांतील चालीरीती कडक, बायकांनी उंबरठ्याच्या आत राहावे हा दंडक पक्का. ताराबाईंचे लग्न रीतीप्रमाणे लहानपणीच झाले. फरक एवढाच की, मुलगी सासरी न पाठवता जावई घरात आणला गेला. घरजावयाची ही व्यवस्था ताराबाईंना कितपत सुखाची झाली, याचा अंदाज त्यांच्या पुस्तकातील नवऱ्यांच्या वर्णनांवरून ज्याने त्याने बांधावा. मूलबाळ झाले नाही. ज्या काळात स्त्रीचा दिवस सासू, नणंदा आणि पाळणा यांतच सरायचा, त्या काळात माहेरच्या घरात, वडिलांच्या पुस्तकांत राहण्याची मुभा त्यांना मिळाली. हे भाग्य म्हणायचे की एकाकीपण, हे ठरवणे अवघड आहे.

त्यांना इतका संताप का आला, हे समजायचे असेल तर विजयालक्ष्मीच्या वाट्याला आलेली कोंडी नीट पाहिली पाहिजे. भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये मंजूर होऊन १८६२ च्या आरंभापासून लागू झाली. तिच्या ३०२ व्या कलमाखाली खुनाला दोनच शिक्षा होत्या, फाशी किंवा जन्मठेप. मरणारे मूल चार घटकांचे असो की चाळीस वर्षांचा माणूस असो, कायद्याच्या दृष्टीने भेद नव्हता. गर्भपात करवून घेणे हाही ३१२ व्या कलमाखाली गुन्हा होता. विधवेला पुनर्विवाह करण्याची कायद्याने मुभा होती. तो कायदा जुलै १८५६ मध्ये झालाच होता. पण त्याच कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला होता, आणि जातीने वाळीत टाकायचे ठरवले तर त्यावर सरकारकडे उपाय नव्हता. मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांच्या खटपटीने १८६९ मध्ये एक पुनर्विवाह झाला, तेव्हा वर, वधू आणि त्यांचे पाठीराखे यांच्यावर बहिष्कार पडले. पुढच्याच वर्षी पुण्यात शास्त्रार्थाचा मोठा वाद भरला आणि त्यात सुधारकांचा पराभव झाल्याचे जाहीर करण्यात आले. सामान्य घरातल्या, बोडक्या डोक्याने कुणाच्या तरी स्वयंपाकघरात राबणाऱ्या विधवेला या वादांचा उपयोग शून्य. तिला दिवस गेले की तिच्यापुढे तीन वाटा उरत : विहीर, वेश्यावस्ती किंवा मुलाचा गळा.

पुण्याला हे नवे नव्हते. विजयालक्ष्मीच्या आधी अठरा वर्षे पुण्यातच असा एक खटला झाला होता. काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा जोतीरावांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवले. गर्भ पाडण्याचे उपाय चालले नाहीत. मुलगा झाला; तिने तो मारला आणि विहिरीत टाकला. दोन दिवसांनी तिला पकडण्यात आले आणि पुण्याच्या न्यायालयाने तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. शास्त्रीबुवांचे पुढे काय झाले, हे विचारायची गरज नाही. ही हकिकत जोतीरावांनी स्वतः १८८४ मध्ये, बेहरामजी मलबारींच्या बालविवाहविषयक टिपणांवर आपले मत कळवताना लिहून ठेवली आहे, आणि ती वाचताना वीस वर्षांनंतरही त्यांच्या मनातला विषाद लपत नाही.

त्या १८६३ सालीच जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या राहत्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, त्यांचे नाव कुणाला कळणार नाही, अशा आशयाच्या जाहिराती ब्राह्मण वस्तीच्या रस्त्यांवर भिंतींना चिकटवण्यात आल्या. जाहिरातींनी काय खळबळ माजली असेल, त्याची कल्पना करावी. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तेथे येऊन बाळंत झाल्याची नोंद जोतीरावांच्या त्याच टिपणात आहे. बाळंतपणे सावित्रीबाई करीत. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. पंढरपुरात १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर या न्यायखात्यातील अधिकाऱ्याने असेच एक गृह काढले, आणि मुंबईच्या प्रार्थना समाजाने ते पुढे चालवले. पंढरपूरच का, हा प्रश्न कुणी विचारू नये. यात्रेच्या गावी विधवांची गर्दी असे आणि चंद्रभागेचे वाळवंट सगळे पोटात घेई.

परमुलखातही स्त्रीच्या गुन्ह्याचे माप निराळेच होते, हे येथे सांगितले पाहिजे. नाहीतर हा सगळा दोष एकट्या आपल्याच शास्त्र्यांचा वाटेल. इंग्लंडात पत्नीने पतीला मारणे हा साधा खून समजला जात नसे. प्रजेने राजाशी केलेल्या द्रोहाचे ते धाकटे भावंड मानले जाई, आणि त्यासाठी स्त्रीला जाळण्याची शिक्षा १७९० पर्यंत कायद्यात होती. पतीने पत्नीला मारले तर मात्र तो नेहमीचा खून. हा भेद १८२८ मध्ये संपला. आपला विधवाविवाहाचा कायदा झाला त्याच महिन्यात, जुलै १८५६ मध्ये, डॉर्सेट परगण्यात एलिझाबेथ मार्था ब्राऊन हिच्यावर नवऱ्याच्या खुनाचा खटला चालला. नवरा तिच्याहून बराच लहान. तो दारू पिऊन रात्री उशिरा घरी आला, भांडण झाले, त्याने तिला चाबकाने मारले, आणि तिने कुऱ्हाड चालवली. आधी तिने घोड्याने लाथ मारल्याची कथा सांगितली, आणि तीच कथा तिला भोवली. खरी हकिकत तिने सांगितली तोवर दयेची वेळ टळून गेली होती. ९ ऑगस्ट रोजी डॉर्चेस्टरच्या तुरुंगाबाहेर, पावसाच्या रिपरिपीत, हजारोंच्या जमावासमोर तिला फाशी देण्यात आले. जमावात सोळा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव टॉमस हार्डी. हे दृश्य म्हातारपणापर्यंत त्याच्या डोळ्यांपुढून गेले नाही, आणि १८९१ मधील त्याच्या टेस या कादंबरीची नायिका पुरुषाच्या खुनासाठी फासावर जाते, त्यामागे त्या सकाळचा वाटा असावा असे हार्डीचे अभ्यासक मानतात. डॉर्चेस्टरच्या मार्थाला कादंबरीकार मिळाला. सुरतेच्या विजयालक्ष्मीला मिळाल्या त्या बुलढाण्याच्या ताराबाई, आणि त्यांनी करुण कथा लिहिली नाही. त्यांनी फिर्याद लिहिली.

स्त्रीपुरुषतुलना १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापली गेली. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. पुस्तक लहानसेच, पण आत श्वास घ्यायला जागा नाही. विरामचिन्हांची फारशी पर्वा नाही. एक वाक्य सुरू झाले की बोलणारी बाई अंगणात उभी राहून, कमरेला पदर खोचून, हात नाचवीत बोलते आहे असे वाटते. म्हणी, टोमणे, शिव्याशाप, पुराणातले दाखले, सगळे एकामागून एक येतात. त्या काळचे मराठी गद्य चिपळूणकरी वळणाने घडत होते. ताराबाईंच्या गद्याला त्या वळणाचा वाराही लागलेला नाही, आणि म्हणूनच ते आज वाचताना शिळे वाटत नाही. आरंभी त्या आपली ओळख फार नम्रपणे करून देतात. आपण घरात कोंडलेली, बुद्धीने अल्प अशी बाई असून हा आपला पहिलाच प्रयत्न आहे, तरी ठिकठिकाणी कठोर भाषा आल्यास क्षमा असावी, अशा अर्थाचे ते बोल आहेत. पुढची पाने वाचल्यावर ही नम्रता म्हणजे मुष्टियुद्धापूर्वीचा नमस्कार होता हे ध्यानात येते.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच प्रश्न आहे : स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण? आजच्या वाचकाने येथे जरा थांबावे. आज साहस म्हणजे पराक्रम. तेव्हा साहस या शब्दाला अविचाराने, बेगुमानपणे केलेल्या दुष्कृत्याचा अर्थ होता, आणि जुन्या सुभाषितांनी तो स्त्रियांच्या स्वाभाविक दोषांत पहिल्या रांगेत बसवला होता. ताराबाईंनी ही दोषांची यादीच हातात घेतली. स्त्री साहसी, कपटी, चंचल, संशयाचे घर, मूर्ख, असे जे जे म्हटले जाते, त्यातला एकेक दोष उचलायचा आणि तो पुरुषांच्या अंगी किती पटीने आहे हे दाखवायचे, अशी या निबंधाची रचना आहे. तराजूच मांडला आहे म्हणा ना. कपटाचे म्हणाल, तर विधवेला वचने देऊन गर्भार करणारा आणि मग पाठ फिरवणारा कोण? वेश्या आकाशातून पडतात काय? घराबाहेर पडण्यास कुणी भुलवले म्हणून त्या बाजारात बसल्या? मूर्खपणा म्हणाल, तर चार भिंतींत कोंडून ठेवलेल्या माणसाला अक्कल यावी कोठून, आणि ती कोंडी घालणारा कोण?

विधवांचा प्रश्न आला की त्यांचे शब्द सर्वांत तिखट होतात. बायको मेली की दहावा झाला नाही तोच नवरा दुसरी आणतो. मग नवरा मेल्यावर बाईचेच केस का उतरवायचे, तिचेच तोंड अशुभ का ठरवायचे? सोवळेपणा एवढा पवित्र असेल तर विधुराने दाढीमिशा भादरून जन्मभर रानात का राहू नये? पतिव्रतेची महती सांगणाऱ्यांना त्या सावित्रीची आठवण करून देतात. नवऱ्याच्या प्राणासाठी यमाच्या मागे गेलेली बाई पुराणात सापडते. बायकोच्या प्राणासाठी यमाच्या दारापर्यंत गेलेला एक तरी पुरुष दाखवा, असे त्यांचे आव्हान आहे. पतीला देव मानायचे असेल तर पतीने देवासारखे वागायला नको काय, हाही प्रश्न त्या टाकतात, आणि मग देवांचीच चरित्रे उलगडून दाखवतात. ते देव वागण्यात फारसे आदर्श नव्हते, एवढे त्यांच्या मांडणीतून वाचकाला उमजते. १८८२ साली, शास्त्रीपंडितांच्या पुण्यात, एका मराठा घरातील स्त्रीने हे छापून विकायला ठेवावे, ही गोष्ट लहान नव्हती.

सुधारकांनाही त्यांनी सोडलेले नाही. सभांमध्ये टाळ्या घेणारे, ठराव करणारे आणि घरी आल्यावर आपल्याच बालविधवा बहिणीकडे न पाहणारे सद्गृहस्थ त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत. नव्या पिढीचे पुरुष बूट, कोट, बिस्किटे आणि ब्रँडी आनंदाने स्वीकारतात. तेव्हा धर्म बुडत नाही. धर्म बुडतो तो बायकांनी पोलके बदलले की. देशी वस्त्रे टाकून विलायती कापड अंगावर घालणाऱ्यांनी इथल्या कारागिरांचे पोट मारले, हा हिशेबही त्या मांडतात. त्या काळच्या मराठी साहित्याचाही त्यांनी समाचार घेतला. स्त्रीचरित्रासारखी बायकांच्या लबाडीच्या कथा रंगवणारी पुस्तके, मनोरमा नाटक, मुक्तामाला आणि मंजुघोषा यांसारख्या तेव्हाच्या लोकप्रिय कादंबऱ्या, यांतील बायका लेखकांच्या कल्पनेतून उतरलेल्या आहेत, घराघरांतल्या नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. मराठी कादंबरी जेमतेम पंचवीस वर्षांची असताना एका वाचक स्त्रीने केलेली ही टीका मराठी समीक्षेच्या इतिहासात नोंदवायला हवी होती. नोंदवली गेली नाही ती गेली नाहीच.

या पुस्तकाला उणिवा आहेत. त्याच मुद्द्यावर पुनःपुन्हा येणे आहे, इंग्रज राज्याची आणि राणीसरकारची वाखाणणी सढळ हाताने केलेली आहे, आणि स्त्रीधर्माची जुनी चौकट त्यांनी पूर्ण मोडलेली नाही. चांगल्या नवऱ्याची सेवा करणाऱ्या चांगल्या बायकोचे चित्र त्यांनाही प्रिय आहे. परंतु त्यांचा मूळ प्रश्न या उणिवांनी पातळ होत नाही. गुन्हा दोघांचा असेल तर शिक्षा एकीला का? खालच्या न्यायालयाने विजयालक्ष्मीला फाशी सुनावली, वरच्याने ती कमी केली. ताराबाईंच्या लेखी दोन्ही न्यायालयांनी पाहायला हवे होते ते पाहिलेच नव्हते. त्यांचे उत्तर न्यायाधीशांना उद्देशून नाही. विधवेला पुन्हा लग्न करू न देणाऱ्या समाजाला ते उद्देशून आहे. ते एक दार उघडले तर पुढच्या भ्रूणहत्या आणि बालहत्या आपोआप थांबतील, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

पुस्तकाला त्या वेळी वाचक फारसे मिळाले नाहीत. टीका मात्र मिळाली, आणि तीही परक्यांचीच नव्हे. सत्यशोधक चळवळीतील बिनीचे कार्यकर्ते, दीनबंधूचे संस्थापक कृष्णराव भालेकर यांनाही ताराबाईंची भाषा रुचली नाही. ब्राह्मणी वर्चस्वावर आसूड ओढणाऱ्यांना आपल्याच घरातला आसूड सोसेना, असे म्हणण्याचा मोह होतो. तेव्हा ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले ते जोतीराव. १८८५ मध्ये त्यांनी सत्सार ही पत्रिका काढली. तिच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा उल्लेख लेकीच्या मायेने करून टीकाकारांचा समाचार घेतला. पुरुषांना एक न्याय आणि स्त्रियांना दुसरा, हे पक्षपाताचे मूळ आहे, आणि ताराबाईंनी नेमके त्यावर बोट ठेवले म्हणून ते झोंबले, असा जोतीरावांच्या प्रतिपादनाचा रोख होता. जोतीरावांच्या उत्तरायुष्यातील लिखाणात स्त्रीपुरुष समतेचा सूर अधिक ठाम होत गेलेला दिसतो. गुरूने शिष्येकडून घेतले, असे म्हणायला येथे जागा आहे.

ते १८८२ सालच मोठे विलक्षण होते. पंडिता रमाबाई त्याच वर्षी पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला, त्यांचे स्त्रीधर्मनीति हे पुस्तक निघाले आणि हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. त्याच आयोगाला जोतीरावांनी शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचे निवेदन दिले. पुढच्या वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला अमेरिकेस निघाल्या. १८८४ मध्ये रखमाबाईंचा खटला मुंबईत उभा राहिला. या साऱ्या स्त्रियांची नावे शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचली. ताराबाई मात्र मागे राहिल्या. त्यांना परदेशी पाहुण्यांचा परिचय नव्हता, त्यांच्यामागे संस्था नव्हती, आणि मुख्य म्हणजे त्या बुलढाण्याला होत्या. पहिल्या पुस्तकानंतर त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही. तिशीत एवढा दारूगोळा साठवलेल्या लेखणीने पुढे अठ्ठावीस वर्षे मौन पाळावे, याची हळहळ वाटल्याखेरीज राहत नाही. १९१० मध्ये त्या वारल्या. तोवर धोंडो केशव कर्व्यांचा हिंगण्याचा आश्रम चालू होऊन चौदा वर्षे झाली होती आणि विधवेने शिकणे ही गोष्ट पुण्यात निदान ऐकण्याजोगी झाली होती.

स्त्रीपुरुषतुलना पुन्हा वाचकांपुढे यायला १९७५ साल उजाडले. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. डॉ. स. गं. मालशे यांनी विस्मृतीत गेलेला हा निबंध संपादून पुन्हा प्रसिद्ध केला, आणि स्त्रीमुक्तीची चळवळ नव्याने उभी राहत असताना मराठी वाचकांना कळले की, आपण आयात म्हणून समजतो तो विचार बुलढाण्यात त्र्याण्णव वर्षांपूर्वीच पिकला होता. भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या १९९१ च्या इंग्रजी संकलनात त्यातील भाग आले. १९९४ मध्ये इतिहासकार रोझलिंड ओ'हॅनलन यांनी संपूर्ण पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद दीर्घ प्रस्तावनेसह केला, आणि ताराबाई जगभरच्या विद्यापीठांत शिकवल्या जाऊ लागल्या. नऊ आण्यांच्या पुस्तकावर आता प्रबंध लिहिले जातात.

कायद्याचे काय झाले, तेही सांगून टाकू. इंग्लंडने १९२२ मध्ये बालहत्येचा स्वतंत्र कायदा केला. बाळंतपणाच्या धक्क्यातून मन सावरलेले नसताना आईने नवजात मूल मारले, तर तो खून न धरता सौम्य प्रतीचा गुन्हा धरावा, अशी तरतूद त्यात झाली, आणि अशा आईच्या गळ्यातला फास सुटला. हिंदुस्थानच्या कायद्यात ती तरतूद आली नाही. दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. ३०२ च्या जागी १०३ हा क्रमांक आला. नवजात बालकाची आईच्या हातून झालेली हत्या आजही त्याच कलमाखाली येते, आणि शिक्षा किती द्यायची हे ठरवताना तिची अवस्था लक्षात घ्यायची की नाही, हे समोर बसलेल्या न्यायाधीशांवर सोपवलेले आहे.